वस्तीची गाडी

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या गाडीत भांडण सुरू होतं. नवऱ्याला समुद्र दिसला पाहिजे, मला न्हाणी. तो टेकाडावरची, कड्याच्या टोकाची, फोटोत छान दिसणारी जागा हेरत असतो आणि मी रस्त्याच्या दोन्ही अंगांना धूर कुठून निघतोय ते बघत असते. धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे बाई, आणि बाई आहे तिथे विहीर आहे, न्हाणी आहे, रात्री हाक मारली तर ओ देणारं माणूस आहे. समुद्र काय, सकाळी उठून चालत गेलं तरी तिथेच असतो.

गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर. मागच्या सगळ्या सीटा काढून टाकल्यात. दोन बाकं आहेत, ती रात्री जोडली की पलंग होतो. एक वीतभर ओटा, सिंक, १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलरच्या दोन पाट्या आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड कॅसेटचा, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचा, संडास. आमच्या गल्लीत तिला ‘झोपायची गाडी’ म्हणतात. ‘या वर्षी झोपायला कुठे?’ असं शेजारीण जिन्यात सगळ्यांदेखत विचारते. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरला की उत्तर तिथेच ठरतं: उजवीकडे देवगड-विजयदुर्ग किंवा डावीकडे मालवण-वेंगुर्ला. वेळ हाताशी असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत पार श्रीवर्धनपर्यंत.

या गाडीचं खूळ डोक्यात शिरलं ते अमेरिकेत, बहिणीकडे. तिने आम्हाला कोलोरॅडोत अशीच, पण आमच्या गाडीच्या दुप्पट लांबीची गाडी भाड्याने घेऊन फिरवलं. तिथलं मुक्कामाचं मैदान बघून मी चाटच पडले होते. प्रत्येक जागेला नंबर, नंबराच्या खांबावर ३० आणि ५० अँपिअरचे वेगवेगळे सॉकेट, शेजारी पाण्याचा नळ, जमिनीत सांडपाण्याच्या पाइपचं झाकण. गाडी आणायची, तीन नळ्या जोडायच्या, झालं. रात्री १० नंतर आवाज बंद. पैसे ऑनलाइन भरलेले, त्यामुळे कचेरीतल्या माणसाशीही बोलायचं कारण नाही. आणि हे नको असेल तर सरकारी मोकळी जमीन आहेच. बऱ्याच ठिकाणी ती एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट वापरता येते, मग म्हणे पुढे सरकायचं. बहीण हे सगळं अभिमानाने सांगत होती आणि मला तो अभिमान रास्त वाटला. सोय म्हणजे सोय. पण शेजारच्या नंबरावर कोण उतरलंय हे निघेपर्यंत कळलं नाही, आणि आम्ही कोण हेही कुणी विचारलं नाही.

कोकणात असली मोकळी जमीन शोधायला जाणाऱ्याची कीव करावी. इथे पडीक वाटणाऱ्या तुकड्यालाही मालक आहे, आणि तो एक नाही. सामाईक सातबारा काढला तर त्यावर चुलते, चुलतचुलते, वारलेल्यांचे वारस मिळून लग्नाच्या पंगतीएवढी नावं निघतात. त्यातली अर्धी डोंबिवलीला, काही विरारला, एखादं अजून परळच्या जुन्या खोलीत. दरवाजाला कुलूप, अंगणात रान, पण गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक दगड सरकला तर संध्याकाळपर्यंत मुंबईला फोन गेलेला असतो. त्यामुळे ‘कुणाचंच नाही, लावू इथे’ हे वाक्य कोकणात खोटं आहे.

आता सरकारी बाजू. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, म्हणजे अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ. त्याच्या आधीच्याच वर्षी कृषी पर्यटनाचंही धोरण आलं होतं. मी दोन्हींचं मनापासून स्वागत केलं. पण संध्याकाळी साडेपाचला धोरणावर गाडी लावता येत नाही.

ती कुठे लावायची, हे आम्हाला राजापूर तालुक्यातल्या एका चहाच्या टपरीवर एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. आम्ही नकाशा पसरून बसलो होतो. त्याने मागून डोकावून पाहिलं, आमची गाडी पाहिली आणि म्हणाला, “आमची वस्ती असते ना गावात, तिथे लावा. आम्ही येऊ साडेसातपर्यंत. जरा डावीकडे सरकून लावा म्हणजे झालं.”

ज्यांचं बालपण कोकणात किंवा देशावरच्या आडगावात गेलंय त्यांना वस्तीची गाडी सांगायला नको. डेपोतून संध्याकाळी सुटते, शेवटच्या गावात रात्री मुक्काम करते आणि पहाटे तिथूनच उलटी निघते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या दशकांत ती जिथे जिथे पोचली, तिथे शेवटच्या गावाला तिच्या रात्रीची सोय करावी लागली. म्हणजे आम्ही ज्याला नवीन खूळ समजत होतो, ते खाकी कपड्यांतली दोन माणसं कितीतरी वर्षं रोज करत आली आहेत: गाडी लावायची, गाडीतच पथारी पसरायची, पहाटे निघायचं.

त्या जागेची निवड बघा. एसटी तिथे वळते, म्हणजे आमची गाडी डोळे मिटून वळणार. एसटीचा टप आमच्यापेक्षा उंच, म्हणजे वरच्या फांद्या आणि विजेच्या तारा आधीच मोजून झालेल्या. पावसाळ्यातही ती तिथेच उभी राहते, म्हणजे जमीन रुतणारी नाही. जवळ बहुधा देऊळ नाहीतर शाळा असते, म्हणजे पाणी आणि एखादा दिवा. पहाटे तिथे कॉलेजची मुलं आणि बाजाराला निघालेल्या बाया जमतात, म्हणजे आपोआप जागही येते. शिवाय त्या जागेवर रात्री गाडीत माणसं झोपतात हे अख्ख्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या सवयीचं. आम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्या पहिल्या रात्री एसटी आली तेव्हा अंधार पडून गेला होता. उतरले पाच-सहा जण. ड्रायव्हरने गाडी दोनदा पुढे-मागे करून तोंड रस्त्याकडे फिरवून लावली, खाली उतरून मागच्या चाकाला जांभ्याचा चिरा लावला, आणि मग आमच्याकडे आला. गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. आत डोकावला, पलंग दाबून पाहिला, ओट्याखालचं सिलिंडर कुठे बांधलंय ते विचारलं. मग नवऱ्याला म्हणाला, “तोंड फिरवून लावा. रात्री कुणाचं काही झालं, साप चावला, बाळंतीण अडली, तर गाडी काढायला लागते. तेव्हा रिव्हर्स घेत बसायचं नाही.” हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका, हेही सांगितलं. तेव्हापासून आमच्या पायरीखाली दोन लाकडी ठोकळे असतात आणि गाडीचं तोंड कायम बाहेर. यूट्यूबवर या गाड्यांचे किती तरी व्हिडिओ मी पाहिलेत. त्यांत पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत हे असतं. बाळंतीण कुणात नव्हती.

जेवण झाल्यावर शेजारच्या घरून ड्रायव्हर-कंडक्टरला ताक आलं, त्यात आमचेही दोन पेले होते.

गावात शिरल्यावर सगळ्यात आधी येणारा प्रश्न म्हणजे “कोणाकडे आलात?” मालवणकडे गेलं की तोच “खंयसून इलास? कोणाकडे?” होतो. सुरुवातीला मला याचा राग यायचा. शहरात राहून आपल्याला वाटायला लागतं की कुणी काही विचारू नये हीच सभ्यता. आम्ही “कोणाकडेच नाही, असंच फिरतोय” असं हसून सांगायचो, आणि समोरच्याचा चेहरा बंद व्हायचा. त्याचंही बरोबर. जमिनी बघत फिरणाऱ्या गाड्या इथे रोज येतात. काळ्या काचांतून उतरतात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, हात लांब करून काहीतरी दाखवतात आणि महिन्याभराने कुंपण पडतं. असंच फिरणाऱ्याचा अर्थ गावाने काय घ्यायचा?

आता आम्ही आधीच सांगतो. कोल्हापूरचे, रात्रीपुरते, वस्तीच्या गाडीच्या जागेवर थांबतोय, सकाळी जाऊ. कुणीतरी एक जण ऐकतो आणि तिन्हीसांजेपर्यंत ते वाडीभर झालेलं असतं. मग कुत्रीसुद्धा कमी भुंकतात असा माझा समज आहे. नवरा म्हणतो तो फक्त समज आहे. पण एवढं खरं की जिथे हा प्रश्न आला त्या ठिकाणी मला रात्री शांत झोप लागली, आणि जिथे तो आला नाही तिथे नाही. कड्यावरच्या त्या फोटोतल्या जागा! दिवसा तिथे वारा आणि निळाई. रात्री एकच्या सुमाराला गाडी येते, गाणी लागतात, काचा फुटतात. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही आणि म्हणूनच ते तिथे आलेले असतात. मी बाई आहे, मला हा हिशेब नवऱ्यापेक्षा लवकर कळतो.

तेव्हा आमचा नियम सोपा झालाय. विचारणारं माणूस भेटलं तर मुक्काम, नाहीतर पुढे.

जागा ठरली तरी गाडी नेमकी कुठे उभी करायची यात डोकं लागतंच. माडाखाली तर कधीच नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाळकी झावळही काच फोडू शकते, आणि ती वारा नसतानाही पडते. फणसाखाली मे महिन्यात थांबू नये. आंब्याखाली सावली दाट, पण हंगामात बागायतदाराला विचारल्याशिवाय त्याच्या कलमाखाली गाडी घालणं म्हणजे त्याच्या तिजोरीला टेकून उभं राहणं. सुरूच्या बनात सावली असते, वास छान असतो, पण खाली वाळू. वरून घट्ट वाटणारी ती वाळू अडीच-तीन टनांच्या गाडीला गिळते. मग ट्रॅक्टर शोधा. सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यांवर असे ट्रॅक्टरवाले तयारच असतात आणि भाव त्यांचा असतो.

वाळूवर गाडी नेऊ नये याचं आणखी एक कारण वेळासला कळतं. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर येतात आणि जी दिशा जास्त उजळ दिसेल तिकडे धावतात. रात्री ती दिशा समुद्राची असते, मागे कुणी दिवे लावून बसलेलं नसेल तर. आमच्यासारखी एखादी हौशी गाडी टपावर एलईडीची माळ लावून सुरूच्या कडेला उभी राहिली की ती पिल्लं समुद्र सोडून तिच्याकडे वळतात. आमच्या गाडीला अशी माळ होती. आता ती घरी, गणपतीत लागते.

सडा हा दुसरा मोह. रत्नागिरी-राजापूर-देवगडचा जांभ्याचा सडा गाडीसाठी आदर्श: टणक, सपाट, मैलभर उघडा, वर सगळं आकाश. पण उन्हाळ्यात तो कातळ रात्री दहापर्यंत तापलेला असतो आणि गाडीची तळपट्टी भाजते. सावली शून्य. दगडांच्या खाचांत फुरसं आणि विंचू. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत असत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि ते प्रमाण खूप खाली आलं, ही गोष्ट इकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. आम्ही चपला गाडीत घेतो आणि सकाळी तरीही झटकून घालतो.

त्या सड्यावर आणखी एक गंमत आहे. एकदा आम्ही डांबरी सोडून आत घालणार, एवढ्यात गुरांमागचा एक म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला. “पुढे चित्रं आहेत.” उतरून पाहिलं तर खरंच, गवताखाली कातळात कोरलेली रेघ, रेघेपुढे रेघ, आणि चार पावलं मागे येऊन पाहिलं तर एक मासा. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे या नावांची कातळशिल्पं आता सगळ्यांना माहीत आहेत. २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीतही आहेत. पण पाटी न लागलेली कितीतरी असणार, आणि त्यांची पाटी म्हणजे तो काठीवाला. त्यानेही चित्रं दाखवून झाल्यावर विचारलंच, कोणाकडे आलात.

खाडी ओलांडताना वेगळी कसरत. किनाऱ्याने वर जायचं तर जयगड-तवसाळला शास्त्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, वेसवी-बागमांडल्याला सावित्री आणि पुढे आगरदांडा-दिघी, असे फेरीबोटीचे टप्पे येतात. बोटीने पंधरा-वीस मिनिटांत होणारं काम रस्त्याने करायचं तर खाडीच्या डोक्यापर्यंत वळसा. दाभोळची खाडी टाळायची म्हणजे चिपळूणला जाऊन या. पण ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या मागे बराच बाहेर लोंबतो. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, बोटीची फळी आणि धक्का यांच्यात कोन पडतो आणि मागचा बंपर खरवडतो. तेव्हा पाणी कधी वर असेल ते आधी कळायला हवं. ते ॲपवर दिसतं. आम्हाला मात्र बोटीवरच्या एका खलाशाने तोंडी हिशेब शिकवला, जो कोळ्यांच्या घरात लहान पोरालाही येतो: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी चढतं तेवढंच खोल उतरतंही. थोडक्यात, पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या भांडणाच्या वेळी फेरीबोटीवर चढायचं नाही. त्या दिवशी अलीकडच्याच गावात राहायचं. कालनिर्णयचा असा उपयोग आमच्या घरात आधी कुणी केला नव्हता.

वाऱ्याचं शाळेतलं पाठांतरही कामी आलं: दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. त्यामुळे झोपताना डोक्याकडची खिडकी पूर्वेला.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण मुक्कामाची खरी परीक्षा तिथे आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बायका कळशी घेऊन उभ्या असतात, हे बाहेरच्यांना पटत नाही. जांभा सच्छिद्र आहे, पाणी धरून ठेवत नाही. उतारावरून ते झिरपून, वाहून समुद्राला मिळतं. सड्यावरच्या वाड्यांत टँकर येतो आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तिथे आपण १०० लिटरची टाकी घेऊन ‘जरा पाणी मिळेल का’ म्हणायचं, हे मला जड जातं. म्हणून आम्ही टाकी तालुक्याच्या गावी भरून येतो आणि यजमानाकडे फक्त प्यायला एक कळशी मागतो. मागायची मात्र नक्की. अजिबात काही न मागणारा पाहुणा कोकणात संशयास्पद असतो.

आणि वापरलेलं पाणी? बहिणीच्या त्या मैदानात जमिनीतलं झाकण उघडून नळी खुपसली की प्रश्न मिटायचा. इथे ते झाकण नाही, पण त्याहून जुनी सोय आहे. कोकणातल्या न्हाणीचं पाणी कधी वाया गेलेलं नाही. पाटाने ते अळूकडे, केळीकडे, माडाच्या आळ्यात जातं. आमच्या सिंकचं पाणी बादलीत जमतं, आणि घरमालकीण बहुतेक वेळा स्वतःच बोट दाखवते, त्या माडाला घाला. पण त्या माडाचे नारळ तिला खायचे असतात, तेव्हा भांडी घासायला राख किंवा रिठ्याचं पाणी, डिटर्जंट नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. नवरा म्हणाला, राख सिंकच्या नळीत अडकते. अडकते. तो काढतो.

संडासाची कॅसेट हा असा विषय आहे की त्यावर लोक गाडीचे सुंदर फोटो टाकतात आणि एक अक्षर लिहीत नाहीत. म्हणून मी लिहिते. ती दोन दिवसांनी भरते. ती कुठे रिकामी करायची? ओढ्यात नाही, खाडीत नाही, सड्यावर खड्डा करून तर नाहीच नाही, कारण तोच सच्छिद्र जांभा, आणि खाली उतरलेलं पाणी कुणाच्या विहिरीत निघेल हे सांगता येत नाही. एकच मार्ग: सेप्टिक टँक असलेल्या घरात, लॉजमध्ये किंवा सार्वजनिक शौचालयात, परवानगी घेऊन, पैसे देऊन. तिथेही कॅसेटमध्ये घालायची ती निळी रसायनं चालत नाहीत. टाकीतले जिवाणू मेले की त्या घराचा संडास तुंबतो आणि तुम्ही तोवर गोव्यात. आम्ही रसायन बंद केलं आणि जिथे घरचा संडास वापरू देतात तिथे कॅसेटला हातच लावत नाही. ही परवानगी मागताना नवऱ्याला नेहमी फोन येतो. मीच मागते. बायका हा विषय दोन वाक्यांत संपवतात.

एका रिसॉर्टच्या आवारात थांबून पाहिलं. खोलीचं पूर्ण भाडं लावून त्यांनी पार्किंगमध्ये जागा दिली, वर जनरेटरच्या शेजारची. तिथे पुन्हा नाही.

श्रीवर्धनकडच्या एका आगरात आम्ही दरवर्षी जातो. आगर म्हणजे नारळ-पोफळीची दाट बाग, मधून पाट, गारवा असा की दुपारी पंखा लागत नाही. त्या बागेत आमची गाडी शिरायचं कारण नव्हतं. पोफळी एवढ्या जवळजवळ लावलेल्या असतात की सायकल आडवी होणार नाही. पण गाडी उभी राहते ती बागेच्या ऐन मध्यावर, चांगल्या मोकळ्या चौकोनात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागातल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी बाजारात नावाने विकली जाते, तिची झाडं मधूनच मोडली. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. या घरच्या काकांनी तीन बाजूंना पुन्हा लावली आणि हा चौकोन तसाच ठेवला. तेव्हा त्यांचं वय बघता, लावलं तर कोण काढणार, असं घरात बोलणं झालं होतं. मुलगा म्हणाला, पर्यटकांच्या गाड्या लावायला होईल. आम्ही पहिले.

काका पहिल्या वर्षी गाडीजवळ फिरकले नाहीत. काकूंनी सगळं केलं: वायर ओढून १५ अँपिअरचा सॉकेट, विहिरीवरून नळी, चटई. दुसऱ्या वर्षी काका संध्याकाळी खुर्ची घेऊन आले आणि गाडीला पाठ करून, उरलेल्या बागेकडे तोंड करून बसले. कोणतं झाड कुणी लावलं होतं, ते चौकोनातल्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवून सांगू लागले. हे आजोबांनी, हे चुलत्याने, ही रांग लग्नाच्या वर्षी. आमचा पलंग साधारण त्या लग्नाच्या रांगेवर येतो. गेल्या खेपेला आम्ही गेलो तर चौकोनाच्या एका कडेला रोपं लावलेली होती, हातभर उंचीची. मुलगा कुरकुरत होता की गाडी वळवायला त्रास होईल. नवऱ्याने उतरून पावलं मोजली आणि सांगितलं, वळते.

कधी जाऊ नये हेही सांगते. पावसाळ्यात नाही. घाटात दरड, अंगणात शेवाळ, गाडीत बुरशी. गणपतीत आणि शिमग्याला तर नाहीच. चाकरमानी येतात, वस्तीच्या जागेवर चार-चार जादा गाड्या लागतात आणि कुलूप पडलेली घरंही उघडतात. शिमग्याला सहाणेजवळ, म्हणजे पालखी बसवतात त्या ओट्याजवळ, गाडी उभी केली आणि पालखी आली तर तुम्ही गावाच्या आणि देवाच्या मध्ये उभे असता. बरं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र खुपते. वस्तीची गाडी काही गावांत आता येत नाही. २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने एसटी बंद होती. त्या काळात लोकांनी वडापच्या खासगी जीपगाड्या, दुचाकी, काय मिळेल ते धरलं आणि सगळे परतले नाहीत. अशा एका गावात आम्ही विचारलं, वस्तीची एसटी कुठे लागते, तर पोरगा म्हणाला लागायची. जागा दाखवली. दगड अजून होता, चाकाला लावायचा.

शेवटचं म्हणजे पैसे. याबाबतीत माझं मत नवऱ्याला आणि बऱ्याच मित्रांना पटत नाही. ‘कोकणी माणूस पैसे घेत नाही हो, केवढं मोठं मन’ हे वाक्य मला ऐकवत नाही. अंगणात गाडी लावू देणारा पुरुष ‘पैसे नको’ म्हणतो, आणि आतमध्ये पहाटे पाचला बंब पेटवणारी, आंबोळ्या घालणारी, आमची कॅसेट धुवायला नळी आणून देणारी बाई काही बोलत नाही. तिला कुणी विचारलेलं नसतं. आम्ही मग जाताना कोकमाचं आगळ, काजू, सुपारी, काय असेल ते विकत घेतो, भाव न करता. देवळाच्या पेटीत टाकतो. पण हे सगळे आडमार्ग आहेत. दराची पाटी हवी. जागेला इतके, विजेला इतके, जेवणाला इतके. पाटी लावल्याने आपुलकी कमी होते हे ज्यांना वाटतं त्यांनी कधी दुसऱ्याच्या पाहुण्यांची भांडी घासलेली नसतात.

आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत नवऱ्याने असंच पाकीट काढलं आणि घरातल्या भावाने त्याचा हात धरला. बरीच ओढाओढ झाली. पडवीत तांदूळ निवडत बसलेली वहिनी म्हणाली, “जाग्याचे पैसे नको आमका. न्हाणयेचे द्या. पाणी मी तापयलंय.”

भाऊ गप्प झाला. मी विचारलं किती. तिने आधीच ठरवून ठेवलं होतं: माणशी पन्नास, केस धुतले तर सत्तर. मी केस धुतले होते. एकशेवीस दिले. तिने ते मोजून घेतले आणि म्हणाली, पुढच्या वेळी येताना आदल्या दिवशी फोन करा, चुलीला लाकडं काढून ठेवायला बरं पडतं.